खर्च कोणी उचलला? महिला क्रिकेट विश्वचषकाची बावन्न वर्षे

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला. त्या विजयाचे कौतुक महाराष्ट्राने मनापासून केले आणि ते योग्यच होते. मात्र त्या दिवसांत एक वाक्य वारंवार कानावर येत होते की महिला क्रिकेटचा खरा इतिहास आता सुरू झाला. हे वाक्य मला पटत नाही. या स्पर्धेमागे तेव्हाच बावन्न वर्षे उभी होती, आणि त्या वर्षांत खेळणाऱ्या स्त्रियांच्या गुणवत्तेत किंवा जिद्दीत काही उणे होते असे मला कुठेही दिसत नाही. स्पर्धा भरली की नाही, भरली तर किती संघ आले आणि कोण घरीच राहिले, हे प्रत्येक वेळी एकाच गोष्टीने ठरवले. ती गोष्ट म्हणजे पैसा. म्हणून आज मी विश्वचषकाची कहाणी धावफलकापेक्षा जमाखर्चाच्या वहीतून सांगणार आहे. धावा आणि बळी ओघाने येतीलच.

पुरुषांचा पहिला विश्वचषक १९७५ साली झाला, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. महिलांचा पहिला विश्वचषक त्याच्या दोन वर्षे आधी, १९७३ च्या जून-जुलैमध्ये इंग्लंडमध्ये झाला. क्रिकेटमध्ये विश्वचषक नावाची गोष्ट स्त्रियांनी सुरू केली. इंग्लंडच्या कर्णधार रेचल हेहो फ्लिंट आणि जॅक हेवर्ड नावाचे उद्योगपती यांच्या गप्पांमधून ही कल्पना निघाली. हेवर्ड बहामा बेटांवर राहत असत आणि इंग्लंडच्या महिला संघाच्या वेस्ट इंडीज दौऱ्यांना त्यांनी आधीच मदत केलेली होती. जगातले संघ एकत्र आणून एक मोठी स्पर्धा का भरवू नये, असा विचार निघाला आणि हेवर्ड यांनी त्यासाठी ४० हजार पौंड दिले. एका माणसाच्या खिशातून आलेल्या या रकमेवर जगातली पहिली क्रिकेट विश्वचषक स्पर्धा उभी राहिली.

सात संघ खेळले: इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका, त्रिनिदाद आणि टोबॅगो, इंग्लंडच्या तरुण खेळाडूंचा ‘यंग इंग्लंड’ आणि वेगवेगळ्या देशांतील खेळाडू एकत्र करून बनवलेला ‘इंटरनॅशनल इलेव्हन’. सामने ६० षटकांचे होते. पहिल्याच दिवशी लंडनच्या क्यू ग्रीनवर जमैका आणि न्यूझीलंड यांचा सामना पावसामुळे एकही चेंडू न पडता रद्द झाला. स्पर्धा साखळी पद्धतीची असल्याने अंतिम सामना असा वेगळा ठेवलेला नव्हता, पण शेवटची लढत इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात आली आणि तीच निर्णायक ठरली. २८ जुलैला बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर एनिड बेकवेल यांनी ११८ धावा केल्या, फ्लिंट यांनी ६४ केल्या, आणि इंग्लंडने ९२ धावांनी सामना जिंकला. चषक राजकन्या ॲन यांच्या हस्ते दिला गेला. लॉर्ड्सचे मैदान मात्र स्त्रियांसाठी अजून उघडलेले नव्हते. तिथे महिलांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना व्हायला १९७६ चा ऑगस्ट उजाडावा लागला, आणि लॉर्ड्सची मालकी असलेल्या एमसीसी क्लबने स्त्रियांना सभासदत्व द्यायला विसाव्या शतकाची अखेर गाठली.

त्याच १९७३ साली आपल्याकडे काय घडत होते, ते आता पाहू. लखनौमध्ये महेंद्रकुमार शर्मा यांनी भारतीय महिला क्रिकेट संघटनेची रीतसर नोंदणी केली. याच संघटनेच्या वतीने पहिली राष्ट्रीय आंतरराज्य स्पर्धा त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पुण्यात भरली. त्या स्पर्धेत संघ होते अवघे तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीनपैकी दोन संघ आपल्या राज्यातले होते, हे मी अभिमानाने सांगतो, पण त्याहून महत्त्वाचे असे की या तीन संघांच्या स्पर्धेनंतर पाच वर्षांच्या आत भारताने विश्वचषकाचे यजमानपद घेतले. केवढे हे धाडस! १९७८ च्या जानेवारीतल्या त्या दुसऱ्या विश्वचषकात भारत, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड आणि न्यूझीलंड असे चारच संघ होते. सामने कोलकाता, जमशेदपूर, पाटणा आणि हैदराबाद येथे झाले. भारताचे नेतृत्व मुंबईच्या डायना एदुलजी यांच्याकडे होते आणि पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी संघात होत्या. १ जानेवारीला ईडन गार्डन्सवर इंग्लंडविरुद्ध भारतीय महिला संघ आपला पहिला एकदिवसीय सामना खेळला. भारत तिन्ही सामने हरला आणि ऑस्ट्रेलियाने चषक नेला.

त्या काळातील खेळाडू ज्या परिस्थितीत खेळत होत्या, तिचे तपशील हळहळ व्यक्त करून सोडून देण्यासारखे नाहीत. प्रवास बहुतेकदा रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून होत असे आणि मुक्काम शाळेत किंवा वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत जमिनीवर अंथरूण टाकून होत असे. महिला संघटनेच्या सचिव म्हणून अनेक वर्षे काम केलेल्या नूतन गावस्कर यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. संघाच्या सामानात तीनच बॅट असत. दोन सलामीच्या फलंदाजांच्या हातात दोन, आणि तिसऱ्या क्रमांकावर येणारीसाठी एक. सलामीची फलंदाज बाद होऊन परत आली की तिची बॅट आणि पायाचे पॅड चौथ्या क्रमांकावरची खेळाडू घेई आणि मैदानात जाई. जिला क्रिकेट थोडेफार कळते, तिला याचा अर्थ लगेच लक्षात येईल. प्रत्येक फलंदाजाला बॅटचे वजन, मुठीची जाडी, तोल या गोष्टी आपल्या हाताप्रमाणे लागतात. वर्षानुवर्षे एकाच बॅटने सराव करून जो फटका बसतो, तो दुसरीच्या बॅटने तसाच बसेल याची खात्री नसते. म्हणजे आपल्या खेळाडू ऑस्ट्रेलिया-इंग्लंडच्या गोलंदाजांना तोंड देत होत्या, ते दुसरीने नुकत्याच वापरलेल्या साधनांनी. त्या पराभवांकडे पाहताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१९८२ चा विश्वचषक न्यूझीलंडमध्ये झाला. भारतीय संघ गेला खरा, पण जाण्यासाठी खेळाडूंकडून प्रत्येकी दहा हजार रुपये मागण्यात आले होते, असे त्या पिढीच्या खेळाडूंनी नंतर मुलाखतींतून सांगितले आहे. १९८२ साली दहा हजार रुपये ही मध्यमवर्गीय घरात किती मोठी रक्कम होती, ते आपल्यातील ज्येष्ठांना सांगायला नको. देशाचे प्रतिनिधित्व करण्याचा खर्च देशाने नव्हे तर खेळाडूच्या वडिलांनी, नाहीतर एखाद्या उदार परिचिताने करायचा, अशी ही व्यवस्था होती. पुढचा विश्वचषक १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात झाला, तेव्हा भारताचा संघ गेलाच नाही. एदुलजी, शुभांगी कुलकर्णी, संध्या अग्रवाल या पिढीच्या ऐन उमेदीतला तो काळ होता. विश्वचषक चार-पाच वर्षांनी एकदा येतो. तो चुकला की खेळाडूच्या आयुष्यातून एक मोठा तुकडा निघून जातो, आणि त्याची भरपाई कोणत्याही पुरस्काराने होत नाही.

श्रीमंत देशांतही गोष्टी फार सुखाच्या होत्या अशातला भाग नाही. १९९३ मध्ये इंग्लंडमधील विश्वचषक रद्द होण्याच्या बेतात होता. क्रीडा आणि कला यांना मदत करणाऱ्या एका प्रतिष्ठानाने ९० हजार पौंड दिले तेव्हा तो पार पडला. ज्या देशाने ही स्पर्धा जन्माला घातली, त्या देशात वीस वर्षांनी पुन्हा कोणाच्या तरी देणगीची वाट पाहावी लागली. त्या वेळी आठ संघ आले, अंतिम सामना प्रथमच लॉर्ड्सवर झाला आणि इंग्लंडने न्यूझीलंडला ६७ धावांनी हरवले.

आता मी १९९७ कडे येतो, आणि इथे थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते या स्पर्धेच्या इतिहासातले हे सर्वांत उपेक्षित पान आहे. ११ संघ, आणि यजमान पुन्हा भारत. हा विश्वचषक भरवला तो बीसीसीआयने नव्हे, तर त्याच अपुऱ्या साधनांच्या महिला संघटनेने. मोटारसायकली बनवणाऱ्या हीरो होंडा कंपनीचे नाव स्पर्धेला लागले होते. अकरा देशांच्या संघांचा प्रवास, राहणे, जेवण, मैदाने, पंच या सगळ्याची व्यवस्था बहुतांशी मानधनाविना काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांनी केली.

त्या वर्षीच्या १६ डिसेंबर या एका दिवसाकडे जरा बारकाईने पाहू. मुंबईत वांद्रे पूर्वेला एमआयजी क्लबच्या मैदानावर ऑस्ट्रेलिया आणि डेन्मार्क यांचा सामना होता. ऑस्ट्रेलियाच्या कर्णधार बेलिंडा क्लार्क सलामीला आल्या आणि डाव संपला तेव्हा नाबाद २२९ धावांवर परतल्या. १५५ चेंडू, २२ चौकार. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले हे पहिले द्विशतक, पुरुष-महिला दोन्ही धरून. सचिन तेंडुलकर यांनी ग्वाल्हेरला २०० धावांचा टप्पा गाठला तो २०१० च्या फेब्रुवारीत, म्हणजे त्यानंतर बारा वर्षांहून अधिक काळाने. तेंडुलकरांचे घर होते तेही वांद्रे पूर्वेलाच, साहित्य सहवासात, एमआयजीच्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ऑस्ट्रेलियाने ४१२ धावा केल्या, डेन्मार्कचा डाव ४९ धावांत आटोपला. आणि त्याच दिवशी पुण्यात, नेहरू स्टेडियमवर, इंग्लंडच्या शार्लट एडवर्ड्स यांनी आयर्लंडविरुद्ध नाबाद १७३ धावा केल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा अठरावा वाढदिवस होता. पुढे त्या इंग्लंडच्या कर्णधार झाल्या आणि २०२५ च्या विश्वचषकाला इंग्लंडच्या प्रशिक्षक म्हणून पुन्हा भारतात आल्या. एकाच दिवशी मुंबईत आणि पुण्यात जागतिक महिला क्रिकेटमधल्या दोन असामान्य खेळी झाल्या, आणि आज या दोन शहरांतील किती क्रिकेटप्रेमींना त्या दिवसाची आठवण आहे? एमआयजीच्या मैदानावर त्या खेळीचा एखादा ठसठशीत फलक असावा, इतके तरी आपण करू शकतो.

भारत त्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि दिल्लीत ऑस्ट्रेलियाकडून १९ धावांनी हरला. २९ डिसेंबरला ईडन गार्डन्सवर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा अंतिम सामना झाला. यजमान संघ खेळत नसतानाही हजारोंच्या संख्येने लोक आले होते. गर्दीचा अंदाज ऐंशी हजारांपर्यंत केला जातो. महिलांचे क्रिकेट कोणी पाहत नाही, म्हणून त्यावर खर्च करता येत नाही, असे सांगणाऱ्यांना कोलकात्याने १९९७ मध्येच उत्तर दिले होते. मैदान मोठे असेल, सामना कधी आहे हे लोकांना कळले असेल आणि तिथे पोचायची सोय असेल, तर लोक येतात. पुढच्या काळात ही तीन कामे जिथे झाली नाहीत, तिथे रिकाम्या खुर्च्यांचे खापर खेळाडूंवर फोडले गेले, हा मोठा अन्याय आहे.

२००५ हे वर्ष संघटनेच्या दृष्टीने कलाटणी देणारे ठरले. तोवर महिला क्रिकेटचा जागतिक कारभार १९५८ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट परिषद पाहत होती. ती त्या वर्षी आयसीसीमध्ये विलीन झाली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात मिताली राज यांच्या नेतृत्वाखाली भारत प्रथमच अंतिम फेरीत पोचला. उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध मिताली यांनी नाबाद ९१ धावा केल्या. अंतिम सामन्यात सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाच्या केरन रोल्टन यांनी नाबाद १०७ धावा करून सामना आपल्यापासून दूर नेला आणि भारत ९८ धावांनी हरला. त्या उपविजेत्या संघाला एका सामन्यामागे एक हजार रुपये मिळाले, असे खुद्द मिताली यांनी सांगितले आहे. त्याच सुमारास दूरचित्रवाणीवरील सूत्रसंचालिका मंदिरा बेदी यांनी आपल्या जाहिरातीचे मानधन महिला संघाच्या परदेश दौऱ्याच्या तिकिटांसाठी दिल्याची आठवणही नूतन गावस्कर सांगतात. म्हणजे १९७३ मध्ये जॅक हेवर्ड होते, तर बत्तीस वर्षांनंतरही कोणीतरी उदार माणूस पुढे येण्यावरच गाडी चालली होती.

२००६ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली. संघटनेच्या सचिव तेव्हा शुभांगी कुलकर्णी होत्या. या विलीनीकरणाबद्दल दोन मते ऐकू येतात. एक मत असे की त्यामुळेच आजचे दिवस दिसले. दुसरे असे की स्त्रियांनी आपल्या हाताने चालवलेली संस्था गेली आणि निर्णय पुरुषांच्या मंडळाकडे गेले. मला दोन्हींत तथ्य दिसते. विमानाची तिकिटे, चांगली हॉटेले, चांगली मैदाने, डॉक्टर आणि फिजिओ हे सारे विलीनीकरणानंतर मिळाले, यात शंका नाही. पण पहिली काही वर्षे सामन्यांची संख्याच फार कमी राहिली, आणि खेळाडूला हॉटेलपेक्षा सामने जास्त हवे असतात. ज्यांनी रेल्वेच्या डब्यातून संघ नेले, त्यांचा अनुभव या काळात मंडळाने पुरेसा वापरला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा प्रत्यय २०१३ मध्ये आला. विश्वचषक भारतात होता आणि बहुतेक सामने मुंबईत होते. वानखेडे स्टेडियम रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यासाठी लागले, म्हणून महिलांचे सामने ब्रेबॉर्नला हलवले गेले. पाकिस्तानच्या संघाला मुंबईत खेळण्यास शिवसेनेने विरोध केल्यामुळे त्यांचे सामने कटकला नेले आणि त्या खेळाडूंची राहण्याची सोय बाराबती स्टेडियममध्येच करण्यात आली. देशांतर्गत पुरुषांच्या सामन्यासाठी विश्वचषकाने जागा करून द्यावी, यावरून तेव्हाचा अग्रक्रम कळतो. भारत श्रीलंकेकडून १३८ धावांनी हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडला.

त्यानंतर चार वर्षांनी, २०१७ मध्ये, इंग्लंडमधील विश्वचषकाचा प्रत्येक सामना दूरचित्रवाणीवर किंवा इंटरनेटवर थेट दाखवला गेला. हे प्रथमच घडत होते, आणि माझ्या मते भारतीय महिला क्रिकेटचे भाग्य या एका निर्णयाने पालटले. डर्बीला उपांत्य सामन्यात हरमनप्रीत कौर यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११५ चेंडूंत नाबाद १७१ धावा केल्या, त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या. सांगलीच्या स्मृती मानधना यांची इंग्लंडविरुद्धची ९० धावांची खेळी आणि वेस्ट इंडीजविरुद्धचे शतक लोकांनी पाहिले. लॉर्ड्सच्या अंतिम सामन्यात मुंबईच्या पूनम राऊत ८६ धावांवर बाद झाल्या, ३ बाद १९१ वरून डाव घसरला, इंग्लंडच्या आन्या श्रबसोल यांनी ४६ धावांत सहा बळी घेतले आणि भारत नऊ धावांनी हरला. त्या पराभवाने देशाला जितके हळवे केले, तितके कोणत्याही विजयाने केले नसते. लोकांच्या नजरेस पडलेल्या खेळाला प्रायोजक मिळतात, आणि प्रायोजक मिळालेल्या खेळाला मंडळही गांभीर्याने घेते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये बीसीसीआयने आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मानधन पुरुष आणि महिला खेळाडूंना समान केले, एकदिवसीय सामन्याला सहा लाख रुपये. २०२३ च्या मार्चमध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. तिचा पहिला हंगाम पूर्णपणे नवी मुंबई आणि मुंबई इथेच झाला.

आता २०२५. या स्पर्धेची बक्षिसांची एकूण रक्कम १ कोटी ३८ लाख ८० हजार डॉलर होती आणि विजेत्यांसाठी ४४ लाख ८० हजार डॉलर होते. २०२२ च्या महिला विश्वचषकात एकूण रक्कम होती ३५ लाख डॉलर. पुरुषांच्या २०२३ च्या विश्वचषकातील एक कोटी डॉलरपेक्षाही हा आकडा मोठा होता.

पैसा मैदानावर कसा दिसतो, याचे उत्तर या स्पर्धेत सापडते. भारत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून ओळीने तीन सामने हरला. इंदूरला इंग्लंडविरुद्ध तर अवघ्या चार धावांनी. त्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्ज यांना वगळण्यात आले होते. मग न्यूझीलंडविरुद्ध नवी मुंबईत स्मृती मानधना आणि प्रतिका रावल या दोघींची शतके झाली आणि उपांत्य फेरीची जागा पक्की झाली. बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना प्रतिका जायबंदी झाल्या. पूर्वीच्या काळी अशा वेळी बदली खेळाडू मिळवणे म्हणजे घरी बसलेल्या, सराव सुटलेल्या मुलीला बोलावणे असे. या वेळी शफाली वर्मा सुरतमध्ये हरियाणाकडून देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धा खेळत होत्या. त्या थेट तिथून आल्या, उपांत्य सामन्यात लवकर बाद झाल्या, पण अंतिम सामन्यात त्यांनी ७८ चेंडूंत ८७ धावा केल्या आणि गोलंदाजी करून दोन बळी घेतले. मुख्य संघाबाहेरची खेळाडूही वर्षभर स्पर्धात्मक क्रिकेट खेळत राहते, याला व्यवस्था म्हणतात, आणि व्यवस्थेला पैसे लागतात.

उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या होत्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये इतक्या धावांचा पाठलाग कोणीच यशस्वी केला नव्हता. वगळल्या गेलेल्या आणि पुन्हा आलेल्या जेमिमा तिसऱ्या क्रमांकावर आल्या, हरमनप्रीत यांच्यासह त्यांनी डाव बांधला, हरमनप्रीत ८९ वर गेल्यावरही त्या खेळत राहिल्या आणि १३४ चेंडूंत नाबाद १२७ धावा करून नऊ चेंडू राखून सामना जिंकून दिला. संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. मुंबईकडून रणजीत धावांच्या राशी रचूनही त्यांना भारतासाठी एकही सामना खेळायला मिळाला नव्हता. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधार लॉरा वोल्वार्ट यांनी झुंजार शतक केले. अमनज्योत कौर यांच्या हातातून उडत उडत अखेर हातातच विसावलेल्या झेलाने त्या बाद झाल्या आणि सामना फिरला. दीप्ती शर्मा यांनी ३९ धावांत पाच बळी घेतले. सामन्यानंतर खेळाडूंनी चषक मिताली राज, झूलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा या माजी कर्णधारांच्या हाती दिला.

श्रोतेहो, जमेची बाजू इतकी भरली असताना खर्चाच्या बाजूला एक नोंद करणे मला आवश्यक वाटते. १९९७ मध्ये ११ संघ होते. २००० पासून २०२५ पर्यंत आठच राहिले. एमआयजीच्या मैदानावर हरलेला डेन्मार्कचा संघ पुन्हा कधी विश्वचषकात दिसला नाही. नेदरलँड्स आणि आयर्लंड यांच्या मुली १९८८ पासून येत होत्या, त्याही २००५ नंतर या स्पर्धेत आल्या नाहीत. जागतिक संघटना गरीब होती तेव्हा दार रुंद होते, आणि ती श्रीमंत झाल्यावर दार अरुंद झाले. २०२५ च्या पात्रता फेरीत लाहोरला वेस्ट इंडीजने थायलंडच्या १६६ धावांचा पाठलाग अवघ्या १०.५ षटकांत केला, तरी नेट रनरेटमध्ये, म्हणजे गुण सारखे झाले की क्रम ठरवणाऱ्या सरासरी धावगतीच्या हिशेबात, दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या स्थानावरील फरकाने बांगलादेश पुढे गेला. ज्यांच्या बेटांनी १९७३ मध्ये दोन संघ पाठवले होते, त्यांना २०२५ मध्ये एकही जागा मिळाली नाही. आयसीसीने २०२९ साठी संघांची संख्या दहा करण्याचे ठरवले आहे. निर्णय चांगला आहे, पण तो मला अपुरा वाटतो.

अपुरा वाटण्याचे मुख्य कारण अफगाणिस्तान. २०२० मध्ये तेथील मंडळाने २५ महिला खेळाडूंशी करार केले होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबानची सत्ता आली आणि त्यांपैकी बहुतेक जणींना देश सोडून ऑस्ट्रेलियात आश्रय घ्यावा लागला. ३० जानेवारी २०२५ रोजी मेलबर्नच्या जंक्शन ओव्हलवर त्या प्रथमच एक संघ म्हणून सामना खेळल्या. त्यांच्या देशाचा पुरुष संघ आयसीसीच्या स्पर्धांत खेळतो, आणि या मुलींना मात्र कोणत्याही देशाच्या नावाने खेळता येत नाही, कारण त्यांचे मंडळ त्यांना मान्यता देत नाही. नियमांत त्यांची जागा कुठे बसवायची, असा प्रश्न अधिकारी विचारतात. त्याचे उत्तर याच स्पर्धेच्या इतिहासात आहे. १९७३ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये इंटरनॅशनल इलेव्हन हा कोणत्याही देशाचा नसलेला संघ विश्वचषकात रीतसर खेळला आहे. त्याच्या सामन्यांची नोंद अधिकृत आहे, त्यातील धावा आणि बळी खेळाडूंच्या नावावर आहेत. म्हणजे राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेशिवाय संघ उतरवण्याचा पायंडा स्त्रियांनी पूर्वीच घालून ठेवला आहे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आयसीसीने या विस्थापित खेळाडूंसाठी मदतीची योजना जाहीर केली आणि भारत, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया या तीन मंडळांनी तिला साथ दिली. तिन्ही मंडळे आज सधन आहेत. माझी सूचना इतकीच आहे की २०२९ च्या पात्रता फेरीत आयसीसीच्या ध्वजाखाली या मुलींच्या संघाला एक जागा द्यावी, त्यांच्या सरावाचा, प्रवासाचा आणि प्रशिक्षकांचा खर्च या तीन मंडळांनी वाटून घ्यावा, आणि ज्या मंडळाकडे आता विश्वचषक आहे, त्या आपल्या मंडळाने हा ठराव आयसीसीच्या बैठकीत स्वतः मांडावा.